कोथरूड ते शिवाजीनगर, रोज सायकलने: ट्रॅक धरायचा की रस्ता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, घर डहाणूकर कॉलनीत, ऑफिस शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाजवळ, अंतर साधारण सात किलोमीटर. कॉलेजात असताना सायकल होती, नंतर वीस वर्षं स्कूटर. आता पुन्हा सायकल घ्यायची आहे. घरचे म्हणतात, फुटपाथलगतच्या सायकल ट्रॅकवरूनच जा, रस्त्यावर उतरू नकोस. ऑफिसातले एक सायकलवाले सहकारी म्हणतात, ट्रॅकच्या नादी लागू नका, सरळ रस्त्याने चला. शिवाय पाऊस, घाम आणि ओढणी यांचं काय करायचं? आणि नववीतली मुलगी शाळेपर्यंत बरोबर यायचं म्हणते, तिला न्यायचं का?

ताई, मी बावीस वर्षं कोथरूडहून कामाला सायकलने जाते. आधी खडकीला जात होते, आता औंधला. गेली काही वर्षं रविवारी सकाळी नव्याने सायकल धरणाऱ्या बायकांना सोबत घेऊन रस्त्यावर काढते. त्यातल्या बहुतेकींचा पहिला प्रश्न तुमचाच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या घरचेही चुकलेले नाहीत आणि सहकारीही चुकलेले नाहीत. दोघं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळेबद्दल आणि वेगवेगळ्या वेगाबद्दल बोलताहेत, इतकंच. ट्रॅकवर जाणार असाल तर चालणाऱ्या माणसाच्या वेगाच्या जवळपास राहावं लागेल. रस्त्यावर जाणार असाल तर एखाद्या वाहनासारखं, आपली जागा घेऊन, ठामपणे जावं लागेल. गडबड होते ती याच्या उलट वागल्यामुळे: लोक ट्रॅकवर मोटारीसारखे सुसाट जातात आणि रस्त्यावर चोरासारखे गटाराला चिकटून जातात. मी पाहिलेले बहुतेक अपघात या दोन सवयींतून झालेले आहेत.

आधी ट्रॅकचं सांगते, कारण तो दिसायला सुरक्षित आहे आणि म्हणूनच तिथे माणूस गाफील होतो.

पुण्यात सायकल ट्रॅक नवे नाहीत. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हा तिच्या कडेने ट्रॅक झाले. २०१७ मध्ये महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, तिथे सायकलींना पट्टा मिळाला. पौड रस्त्यावरही काही भागात आहे. पण यातले बरेच ट्रॅक फुटपाथच्याच पातळीवर, फुटपाथला लागून आहेत. रंग वेगळा, फरशी वेगळी, मध्ये कठडा नाही. चालणाऱ्याच्या दृष्टीने तो फुटपाथच असतो, आणि त्यात त्याची काही चूक आहे असं मला वाटत नाही. संभाजी बागेतून बाहेर पडणारं कुटुंब, बालगंधर्वचा प्रयोग सुटल्यावर गप्पा मारत उभी राहिलेली माणसं, बाकावरून उठून फुगेवाल्याकडे धावणारं पोर, यांच्यापैकी कोणीही पायाखालच्या रंगाकडे बघून चालत नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका ट्रॅकवर मी संध्याकाळी अठरा-वीसच्या वेगाने चालले होते. पुढे एक आजोबा हातात पिशवी घेऊन चालत होते. मी घंटी वाजवली, तीही जवळ गेल्यावर, लागोपाठ तीन-चार वेळा. ते दचकले आणि बाजूला होण्याऐवजी नेमके माझ्या पुढ्यात आले. हॅन्डल त्यांच्या कोपराला लागलं, ते गुडघ्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण कोपर सोलून निघालं होतं. मी त्यांना घरी सोडायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने मला पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला इतकी कसली घाई होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रॅक माझा आहे, हे माझं तेव्हाचं उत्तर असतं. ते त्या घरात बसून बोलता येण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर मी हिशोब मांडला, तो तुम्हालाही देते. ताशी २० किलोमीटरला सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. धोका दिसून बोटं ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, पुढे चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. म्हणजे नऊ-दहा मीटर. वेग निम्मा केला, ताशी १० केला, तर सगळं मिळून चार मीटरच्या आत सायकल उभी राहते. जंगली महाराज रस्ता संचेती चौकापासून डेक्कनपर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या आसपास असेल. तो दहाच्या वेगाने पार करायला अठराच्या तुलनेत चार-पाच मिनिटं जास्त लागतात. त्या चार-पाच मिनिटांत समोरच्याचा जीव आणि आपला जीव, दोन्ही सांभाळले जातात.

माझी पद्धत अशी. ट्रॅकवर वीसेक मीटर मोकळे दिसत असतील तरच पेडल मारायचं. माणसं दिसली की दहाच्या आत. एकच घंटी, हलकी, पंधरा-वीस मीटर लांबून, आणि मग प्रतिसादाची वाट बघायची. मागे वळून पाहिलं तर ठीक. नाही पाहिलं तर कानात इअरफोन आहेत किंवा ऐकू कमी येतं असं समजायचं आणि "काका, उजवीकडून जाते हं" असं तोंडाने सांगायचं. तोंडी सांगण्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. घंटीने माणूस दचकतो, आवाजाने वळून बघतो, आणि "कोणत्या बाजूने" हेही त्याला कळतं. लहान मूल, कुत्रा किंवा काठी घेतलेलं माणूस दिसलं तर मी पेडल थांबवते आणि गरज पडली तर उतरून चालते. दहा पावलं चालण्यात काहीच जात नाही.

नदीपात्रातला रस्ता किंवा कर्वेनगरचा कॅनॉल रोड यांनाही हेच लागू आहे. सकाळी तिथे फिरायला येणारी मंडळी वर्षानुवर्षं येताहेत, दोघी-तिघी बरोबरीने गप्पा मारत चालतात. तिथे आपण नंतर आलो. रोज त्याच वेळेला गेलात तर आठवड्याभरात ओळखी होतील, पंधरवड्यात तुमची घंटी ओळखून लोक आपणहून सरकतील. माझ्याकडे कॅनॉलवरच्या एका काकूंनी दिलेली गवती चहाची जुडी अजून कुंडीत वाढते आहे.

ट्रॅकचा दुसरा धोका माणसांचा नाही, बांधकामाचा आहे. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. त्या फाटकातून बाहेर येणारी गाडी रस्त्याकडे बघत असते, ट्रॅककडे नाही. मध्येच लोखंडी खांब, ट्रान्सफॉर्मर, झाडाचा पार, दुचाकी लावलेल्या असतात, आणि कधी कधी ट्रॅक सरळ संपतो. मोटार वाहन नियमांनुसार फुटपाथवर आणि सायकल ट्रॅकवर मोटार चालवायला बंदी आहे, पण सिग्नल टाळायला ट्रॅकवर चढणाऱ्या स्कूटर तुम्हाला रोज भेटतील. त्यांच्याशी भांडत बसू नका. थांबा, त्यांना जाऊ द्या. मी भांडून पाहिलं आहे, दिवसभर डोकं दुखतं. ट्रॅकवरून रस्त्यावर उतरायचं असेल तर खांबाशी पोचायच्या आधीच, सावकाश, मागे पूर्ण वळून बघून उतरा. ट्रॅक संपला म्हणून ऐनवेळी रस्त्यात घुसणं हे ट्रॅकवरचं सगळ्यात धोक्याचं काम आहे.

पेव्हिंग ब्लॉकबद्दलही सांगायला हवं. कोरडे असताना नुसते खडखडतात, पण पहिल्या पावसानंतर त्यांच्यावर शेवाळ धरतं, आणि झाडाखालचे तर साबणासारखे होतात. जून ते सप्टेंबर मी असे ट्रॅक जवळपास सोडूनच देते.

आता रस्ता.

तुमची वाट मी अशी आखेन. कर्वे पुतळ्यापासून मयूर कॉलनीच्या आतल्या रस्त्यांनी निघा. पौड फाट्याच्या अलीकडे मुख्य रस्त्याला लागावंच लागतं, तिथून नळ स्टॉपपर्यंतचा तुकडा हा तुमच्या वाटेतला सगळ्यात गर्दीचा भाग. नळ स्टॉपला उड्डाणपुलावर चढायचं नाही, खालून डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला वळायचं, थोडं पुढे गेल्यावर उजवीकडे प्रभात रस्ता. प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता यांच्यामधल्या गल्ल्या या पुण्यातल्या सायकलवाल्यांचं माहेर आहे: सावली आहे, वेग कमी आहे, बसगाड्या नाहीत. एकेरीच्या पाट्या तेवढ्या आधी एखाद्या रविवारी बघून ठेवा. भांडारकर रस्त्याने गुडलक चौकात उतरलात की डावीकडे फर्ग्युसन रस्ता, तो एकेरी आणि तुमच्याच दिशेचा. त्याने सरळ कृषी महाविद्यालय. परतीला जंगली महाराज रस्ता, तोही एकेरी आणि तुमच्या दिशेचा. मग डेक्कनहून पुन्हा प्रभात रस्ता.

यात एक सोय आपोआप होते. नदीकडे जमीन उतरती आहे, म्हणून सकाळी तुम्हाला बराचसा उतार लागतो आणि चढ येतो तो घरी परतताना. ऑफिसला घामाघूम होऊन पोचण्याची भीती त्यामुळे निम्मी कमी होते. सकाळी साडेआठच्या आत निघालात तर फर्ग्युसन रस्त्यावरची दुकानं उघडलेली नसतात, कडेला गाड्या कमी असतात, आणि सरळ रस्त्यानेच जाणं सोपं पडतं. संध्याकाळी सहाला जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ माणसांनी भरलेला असतो, तेव्हाही मी रस्ताच धरते. ट्रॅक मी वापरते तो पहाटे, रविवारी, आणि रस्ता तुंबलेला असताना दहाच्या वेगाने पुढे सरकायला. घरच्यांना हे नीट समजावून सांगा. गर्दीच्या वेळी ट्रॅक सुरक्षित नसतो, ना तुम्हाला, ना चालणाऱ्यांना.

रस्त्यावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुठे राहायचं. आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं, "अगदी कडेने जा". हे मी सगळ्यात आधी विसरायला लावते. अगदी कडेला ड्रेनेजच्या जाळ्या, वाळू, काचा आणि डांबराची तुटलेली कड असते, शिवाय समोरून उलट्या बाजूने येणारी दुचाकीही तिथेच असते. वर मागच्या गाडीला वाटतं की आपल्याला जागा आहे, म्हणून ती खेटून जाते. कडेपासून निदान एक मीटर आत राहा. कडेला गाड्या उभ्या असतील तर त्यांच्यापासून सव्वा मीटर, कारण मोटारीचं दार उघडलं की साधारण तेवढी जागा खातं. माझ्या डाव्या मनगटातली तार अशाच एका दाराची आहे. गाडी उभी होती, आत माणूस बसलेला मला दिसत होता, आणि तरीही मी जवळून गेले, कारण मागून बस हॉर्न देत होती. मागच्या हॉर्नसाठी पुढच्या दारात जायचं नसतं. मागच्याला तुम्ही दिसताय म्हणूनच तो हॉर्न देतोय. जो तुम्हाला बघतच नाही त्याची भीती बाळगा.

जिथे रस्ता इतका अरुंद आहे की मोटार आणि सायकल शेजारी शेजारी मावत नाहीत, तिथे लेनच्या मधोमध जा. दहा-पंधरा सेकंदांचा प्रश्न असतो. जागा मोकळी झाली की डावीकडे सरका आणि हात दाखवून मागच्याला पुढे जाऊ द्या. हात दाखवण्याने किती फरक पडतो हे करून बघितल्यावरच कळेल. वाहनचालकाला तुम्ही एकदा माणूस म्हणून दिसलात की तो वेगळा वागतो.

बस आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीत कधीही शिरू नका. अगदी कधीही. थांब्यावर यायला बस डावीकडे येते आणि त्या फटीतली सायकल ड्रायव्हरला दिसत नाही. बसच्या मागे थांबा, किंवा ती थांब्यावर पूर्ण उभी राहिली असेल तर मागे बघून उजवीकडून जा. रिक्षाचंही तसंच: कडेला कोणी हात केला की ती डावीकडे येणार हे गृहीत धरा. रिक्षाकडे न बघता फुटपाथवरच्या माणसाकडे बघा, हात आधी त्याचा वर जातो.

सिग्नलला डाव्या कोपऱ्यात उभं राहू नका. डावीकडे वळणारी गाडी तुम्हाला कापत जाते. सरळ जायचं असेल तर सरळ जाणाऱ्यांच्या रांगेत, शक्य तर पुढे, जिथे ड्रायव्हरशी नजरानजर होईल तिथे उभ्या राहा. उजवीकडे वळायला भीती वाटते ना, लॉ कॉलेज रस्त्यावरून प्रभात रस्त्याला वळताना वाटेलच. पहिले दोन महिने वळूच नका. चौक सरळ ओलांडा किंवा डाव्या बाजूला थांबा, सायकलवरून उतरा आणि चालत पलीकडे जा. पुढे सराव झाला की मागे बघणं, उजवा हात आडवा करणं, पुन्हा मागे बघणं आणि मगच सरकणं, हा क्रम बोटांत बसतो. मागे बघताना हॅन्डल त्या बाजूला वळतं, ही नवशिक्यांची हमखास चूक. मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारून तिच्यावरून चालवत मागे बघायचा सराव करा. मी सगळ्यांकडून पन्नास वेळा करून घेते.

उलट्या दिशेने जाऊ नका, अगदी पन्नास मीटर असले तरी. "सायकलच तर आहे" हे कारण मला पटत नाही. गल्लीतून वळणारा माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला तुम्ही नसता.

सायकल कोणती घ्यायची ते तुम्ही विचारलेलं नाही, पण थोडं सांगते. जाड खोबणीचे टायर आणि पुढे स्प्रिंग असलेली डोंगरी सायकल दुकानदार आधी पुढे करतो. ती घेऊ नका. स्प्रिंग स्वस्तातला असला तर वजनच वाढतं आणि खोबणीचे टायर डांबरावर ओढल्यासारखे वाटतात. साधा ताठ फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा), ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे गुळगुळीत टायर, सात-आठ गिअर, मडगार्ड, कॅरिअर आणि पूर्ण चेनकव्हर. ओढणीचं उत्तर इथेच आहे: चेनकव्हर आणि मागच्या चाकावर जाळी असली की साडीतही जाता येतं. तरी ओढणी मागे सोडू नका, तिरकी घेऊन कमरेला गाठ मारा किंवा पिशवीत ठेवा. चाकात ओढणी अडकून पडलेल्या दोघींना मी स्वतः उचललं आहे.

माझ्या वडिलांकडे काळी, सळईच्या ब्रेकची सायकल होती, तिच्यावरून ते तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेले. सकाळच्या पाळीला सायकलींचा लोंढाच्या लोंढा जात असे, म्हणून तर पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. त्या सायकलीची मला आजही माया आहे, पण सळईचे ब्रेक ओल्या चकचकीत रिमवर धरत नाहीत. आजच्या रहदारीत पावसाळ्यात ती नको.

सीट इतकी उंच असावी की पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होतो. बायका घाबरून सीट खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. पहिले आठ दिवस थोडी खाली ठेवा, मग अर्धा अर्धा इंच वर घ्या. कोणता ब्रेक कुठल्या चाकाचा ते घेतल्या दिवशीच तपासा. आपल्याकडे उजवा बहुधा पुढचा असतो. पुढचा ब्रेकच जास्त थांबवतो, पण दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबायची सवय लावा. टायरमधली हवा दर आठवड्याला बघा. टायरच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते, तिच्यापेक्षा थोडी कमी ठेवली तर खड्डे सुसह्य होतात. निम्म्या हवेवर फिरलात तर मात्र ट्यूब रिममध्ये चिमटते आणि पंक्चर होते.

हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचं नाही. घाला. भुवईच्या वर दोन बोटं, मागे सरकलेलं नको. दिव्यांबाबत मी त्याहून कडक आहे: मागे लाल, पुढे पांढरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसहून निघताच अंधार. घोट्याला चमकणारी पट्टी बांधा. ती पायाबरोबर वरखाली होते आणि मागच्याला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे.

पावसाचं म्हणाल तर भिजणं हा खरा प्रश्न नाही. डबक्याखाली काय आहे ते दिसत नाही, हा प्रश्न आहे. पाणी साचलेल्या जागेतून जायचंच झालं तर पुढच्या दुचाकीच्या मागोमाग जा, तिचं चाक कुठे बुडतं ते दिसतं. ड्रेनेजचं लोखंडी झाकण, कामासाठी टाकलेली पत्र्याची प्लेट, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग, यांवरून जाताना सायकल सरळ धरायची, ब्रेक नाही, वळणं नाही. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत वाईट, रस्त्यावरचं तेल वर येतं. त्या अर्ध्या तासात चहा प्यावा. रेनकोटपेक्षा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचं सैल, बिनबाह्यांचं पावसाळी वस्त्र, बरा, खालून हवा खेळते, पण वाऱ्यात त्याचं शीड होतं, म्हणून पुढचं टोक हॅन्डलला अडकवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल बंद होतात. तुमची ती रोजची वाट नाही, पण परतीला मोह होईल, म्हणून सांगितलं.

जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे गळ्याभोवती जाड रुमाल किंवा स्कार्फ बांधा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो झाडांत आणि तारांत लोंबकळताना सापडतो. ही भीती बाऊ करण्याची नाही, पण रुमाल बांधायला काही लागत नाही. गणपतीत मांडवांमुळे गल्ल्या निम्म्या होतात आणि पालख्या शहरात असताना बरेच रस्ते बंद असतात. त्या दिवसांत चालत जा किंवा वनाजहून मेट्रो घ्या. सगळे दिवस सायकलच, असा हट्ट धरणाऱ्या बायका मी लवकर कंटाळताना पाहिल्या आहेत. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी उत्तम.

घामासाठी फार सोपं आहे. सावकाश या. पंचेचाळीस मिनिटं धरून निघा, पस्तीसमध्ये पोचाल, उरलेली दहा मिनिटं पंख्याखाली बसा, पंचाने तोंड-मान पुसा, मग कपडे बदला. पाठीवर सॅक घेऊ नका, पाठच आधी भिजते. कॅरिअरला पिशवी लावा. ऑफिसातल्या सुरक्षारक्षकांशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या आणि सायकल त्यांच्या नजरेसमोर लावायची परवानगी मागा. कुलूप जाड असावं, आणि ते चाकातून नाही, सांगाड्यातून आणि चाकातून मिळून एखाद्या पक्क्या खांबाला घाला. नुसत्या चाकाला घातलं तर चोर चाक ठेवून सायकल नेतो.

पिशवीत एक जादा ट्यूब, दोन चमचे म्हणजे टायर काढायच्या पट्ट्या, आणि छोटा पंप. पंक्चर काढता येत नसेल तर पहिल्या महिन्यात पंक्चरवाल्यासमोर उभ्या राहून दोनदा बघा. ते प्रेमाने शिकवतात. तुमच्या सायकलीचा व्हॉल्व्ह जुन्या देशी सायकलीसारखा आहे की मोटारीसारखा, ते त्यांनाच विचारून ठेवा, म्हणजे वाटेत कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येईल की नाही हे कळेल. मोटारीसारखा असला तर येते.

सुरुवात अशी करा. पहिला रविवार, सकाळी साडेसहा, कोणीतरी सोबत घेऊन पूर्ण वाट एकदा जा आणि या. कुठे खड्डा, कुठे कुत्री, कुठे फाटक, ते लक्षात ठेवा. दुसऱ्या रविवारी एकट्या. मग एखाद्या शनिवारी, ऑफिस अर्धा दिवस असेल तर, खऱ्या वेळेला. त्यानंतर मंगळवार आणि गुरुवार. सोमवारी नको, सोमवारी सगळं शहर घाईत असतं.

आता मुलगी. न्या. पण आधी तिला मैदानावर त्याच चाचण्या द्या: रेघेवरून चालवत मागे बघणं, एका हाताने चालवणं, तुम्ही "थांब" म्हटल्यावर दोन्ही ब्रेक वापरून चार मीटरच्या आत थांबणं. या तिन्ही जमल्याशिवाय रस्ता नाही, कितीही रुसली तरी. रस्त्यावर ती पुढे आणि तुम्ही मागे, तिच्यापेक्षा हातभर उजवीकडे, म्हणजे मागची गाडी आधी तुमच्यापासून अंतर ठेवते आणि ते अंतर तिलाही मिळतं. मागून सतत सूचना देऊ नका, "थांब", "सरळ" आणि "मागे गाडी" हे तीनच शब्द ठरवा. नळ स्टॉपचा तुकडा पहिले काही महिने दोघींनी उतरून, सायकल हातात धरून, फुटपाथवरून चालत पार करा. तिची शाळा प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे चौक संपला की पुढचा भाग शांतच आहे. तिथे तिला शेजारी घ्या आणि गप्पा मारत जा. नववीतली मुलगी घरी जे सांगत नाही ते सायकलवर सांगते. माझीने सांगितलं होतं.